धुऊन पाठवलेला नमुना

हे लिहिण्याआधी मी बायकोची, मंदाची, परवानगी घेतली. ती म्हणाली, "लिहा. कोनाले तरी उपेगी पडन. पन माह्यावर हसू नका." मी हसणार नाही. वाचणाऱ्यांना हसू आलं तर तिची हरकत नाही, असं तिने नंतर स्वयंपाकघरातून सांगितलं.

आमचा आजारच तसा आहे. हृदयाचं दुखणं असलेला माणूस छातीवर हात ठेवून सांगतो आणि लोक त्याला खुर्ची देतात. आमच्यासारख्याने काय सांगावं आणि हात कुठे ठेवावा? म्हणून आम्ही सांगत नाही. कुणाला न सांगता रोज सकाळी संडासात भीत भीत खाली बघणारे जे कुणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मेडशीचा चहा

मी एसटीत कंडक्टर आहे. मालेगावला राहतो, नाशिककडचं नव्हे, आमचं वाशिम जिल्ह्यातलं. मालेगाव–अकोला ही माझी नेहमीची फेरी. पोटाचं सुरू झालं तेव्हा पहिले काही महिने मी फक्त एवढंच केलं की रस्त्यावरचे सगळे संडास पाठ केले. कुठल्या फाट्यावर पेट्रोल पंप आहे, कुठल्या शाळेच्या मागे आडोसा आहे, तुरी किती वाढल्या म्हणजे त्यात माणूस बसलेला दिसत नाही, हे सगळं मला तिकिटांच्या दरासारखं तोंडपाठ होतं. कळ आली की थांबायची सोयच नसायची. हातात तिकिटाचं मशीन, गळ्यात चामड्याची बॅग, चहूबाजूंनी माणसं आणि कपाळावर घाम. समोरची बाई सुट्टे मागते आहे आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलतो आहे.

माझ्या गाडीचे ड्रायव्हर युसूफभाई. वयाने माझ्यापेक्षा मोठे, स्वभावाने गप्पिष्ट, पण काय बोलू नये हे त्यांना बरोबर कळतं. त्यांनी आरशातून माझं तोंड बघून ओळखलं. एक दिवस मेडशीला त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"गजूभाऊ, मी चाय पेऊन येतो. सकाळपासून डोकं धरलं माह्यं," ते म्हणाले. मग हळूच, "हॉटेलच्या मांगं संडास हाये. चावी मालकाजोळ मांगून ठेवली म्या. तू जाय निवांत."

त्या दिवसापासून युसूफभाईंचं डोकं रोज मेडशीलाच धरायचं. प्रवासी कुरकुरत. ते म्हणत, "चायबिगर माही गाडी चालत नाई बाप्पा." माझ्यामुळे थांबलो असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. अशा माणसाचे उपकार फेडता येत नाहीत, नुसते लक्षात ठेवता येतात.

आणि मूळव्याध! रक्त पडतं म्हटल्यावर सगळ्यांनी मूळव्याधच ठरवली. या दुखण्याचा आपल्याकडे गावोगावी वैद्य असतो, आणि तो बहुधा दुसरंच काहीतरी विकत असतो. मी काढे प्यायलो, सुरणाची भाजी खाल्ली, एका भल्या माणसाने दिलेली अंगठीही घातली. वजन उतरत गेलं. मंदा पँट आत घेऊन शिवत गेली. शेवटी ती म्हणाली, "आता याच्यापुढं शिवाले कापडच नाई उरलं. अकोल्याले चाला."

पहिली डबी

अकोल्याच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान, पण ऐकून घेणाऱ्या. मी सांगताना भिंतीकडे बघत होतो, त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आतड्याला खरंच सूज आहे की नुसतं आतडं चिडलंय, ते आधी बघू. शौचाची एक तपासणी करा. आकडा जास्त आला तर दुर्बीण घालू."

लॅबमध्ये एका मुलीने मला डबी दिली. डबीच्या झाकणाला आतून छोटा चमचा होता. तो चमचा बघून मला आईस्क्रीमचा कप आठवला आणि त्यानंतर मी बरेच दिवस आईस्क्रीम खाल्लं नाही. डबी परत नेऊन दिली तेव्हा मी ती रुमालात, रुमाल पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली होती. मुलीने एकेक पदर शांतपणे सोडवला. जणू आहेराची साडी.

रिपोर्ट कधी मिळेल विचारलं तर म्हणाली, "चार-पाच दिवस, दादा. ताटली भरली की लावतो."

मला काही कळलं नाही. तिच्याकडे वेळ होता, म्हणून तिने प्लास्टिकची एक चौकोनी ताटली आणून दाखवली. तिच्यात बारीक बारीक खळगे होते. ती म्हणाली, आतड्याला सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात आणि त्यांच्यातून एक प्रथिन बाहेर पडतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून त्याचं नाव कॅल्प्रोटेक्टिन. त्या कॅल्शियममुळेच ते शौचात लवकर नासत नाही आणि मोजता येतं. या खळग्यांच्या तळाशी त्याला नेमकं पकडणारे अँटीबॉडी लावलेले असतात. नमुना पातळ करून त्यात घालायचा. प्रथिन तेवढं चिकटून बसतं, बाकीची सगळी घाण आम्ही धुऊन टाकतो. मग रंग भरतो. जितकं प्रथिन जास्त तितका रंग गडद, आणि मशीन रंग बघून आकडा देतं. पण एका माणसासाठी आख्खी ताटली लावणं परवडत नाही, म्हणून आणखी नमुने येईपर्यंत थांबायचं.

हे मात्र मला लगेच समजलं. आमच्याकडची काळी-पिवळी जीपसुद्धा सीटा भरल्याशिवाय हलत नाही.

घरी येऊन मी हे सगळं मंदाला जेवणाच्या ताटावर बोटाने खळगे काढून समजावलं. पहिल्यांदाच आजाराबद्दल आम्ही मोकळेपणाने बोलत होतो, त्यामुळे मला जरा चेवच आला होता. "अन मंग ते सारी घाण धुऊन टाकतेत," मी म्हणालो. ती लक्ष देऊन ऐकत होती.

नाव कळलं तो दिवस

आकडा जास्त आला. पन्नासच्या आत असायला हवा तो हजाराच्या पुढे होता. दुर्बीण झाली. मॅडमनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. मोठ्या आतड्याला आतून लालभडक जखमा. अल्सरेटिव्ह कोलायटिस असं त्याचं नाव.

"कॅन्सर आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग बरा होतो?"

"शांत होतो. पूर्ण जातो असं मी तुम्हाला सांगणार नाही."

मी मान डोलावली. मंदा तिथेच रडायला लागली आणि मला तिचा राग आला, कारण रडायचं मला होतं आणि आता दोघांनी रडणं बरं दिसलं नसतं. मॅडमनी तिला पाणी दिलं. मग म्हणाल्या की गोळ्या सुरू करू, स्टेरॉइड देऊ, काही आठवड्यांनी पुन्हा तेच प्रथिन मोजू. गोळ्यांनी, मग इंजेक्शनांनीही सूज उतरली नाही तर शेवटी मोठं आतडं काढून पोटावर पिशवी बसवावी लागते, पण ते फार पुढचं.

माझ्या कानात मात्र तेवढंच राहिलं. पोटावर पिशवी. माझ्या पोटावर तर तिकिटांची बॅग असते. गच्च भरलेल्या गाडीत सगळ्या गर्दीचा भार कंडक्टरच्या पोटावरच येतो. पिशवी लागली म्हणजे गाडी सुटली, माझं कंडक्टरपण संपलं, असं मी धरून चाललो. पुढचे महिने मी आजाराला कमी आणि त्या पिशवीला जास्त भ्यालो. घरात ते मी बोललो नाही. पण मंदा माझ्याशेजारीच बसली होती. तिनेही तेवढंच ऐकलं होतं.

दुसरी डबी

स्टेरॉइडने तोंड सुजून गोल झालं. प्रवासी म्हणू लागले, "कंडक्टरची तब्येत सुदारली." भूक राक्षसासारखी लागायची आणि रागही तसाच. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मी सकाळी डबी भरून ठेवली आणि डेपोत बदली ड्युटीवर गेलो. अकोल्याची गाडी युसूफभाई नेणार होते. डबी बर्फात घालून त्यांच्याकडे पोचवायचं काम मंदाचं.

युसूफभाईंनी ती जेवणाच्या डब्याशेजारी, आपल्या सीटमागे ठेवली. कुणीतरी विचारलं म्हणे, काय आहे. ते म्हणाले, "अमानत हाये. हात लावू नका."

रिपोर्ट आला आणि आकडा शंभराच्याही आत. हजारावरून शंभरात! मंदाने शिरा केला. मॅडमनी विचारलं, "रक्त?" मी म्हणालो, "अगदी थोडं." खरं तर थोडं नव्हतं. पण कागद सांगत होता की सूज उतरली, आणि माझ्या डोळ्यांपेक्षा मी कागदावर विश्वास ठेवला. हवं ते सांगणाऱ्या कागदावर माणूस लगेच विश्वास ठेवतो. मॅडमनी स्टेरॉइड उतरवायला सुरुवात केली आणि इंजेक्शनांचा विषय बाजूला ठेवला.

महिनाभरात मी आडवा झालो. ताप, नुसतं रक्त, उभं राहिलं की अंधारी. अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं.

खाट

दवाखान्यात वेळ हा प्रकार वेगळाच असतो. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशींच्या फिनेलच्या वासाने जाग, मग सुई, मग सलाईन, मग डॉक्टरांची फेरी, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत फक्त छताचा पंखा. माझी खाट संडासाच्या दाराजवळ होती. वॉर्डातली सगळ्यात वाईट जागा, पण माझ्यासाठी ती खिडकीजवळची सीट. सिस्टरने मुद्दाम तीच दिली होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर रिठद गावचे एक आजोबा होते. त्यांना सगळे आबाच म्हणत.

तिसरा नमुना दवाखान्यातच घेतला. आकडा मशीनच्या मोजण्याच्या पलीकडे. मॅडम दोन्ही कागद घेऊन खाटेजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हा आजार उलटतो, ते आम्हाला माहीत असतं. पण मागचा आकडा माझ्या डोक्यात बसत नाही. तेव्हा नमुना कसा घेतला होता?"

मी सांगितलं, नेहमीसारखा. मंदा खाटेच्या पायाशी उभी होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्या धुतला होता," ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "म्हणजे डबी धुतली?"

"नाई. आतलं. गाळणीत घेतलं अन दोनदा पानी टाकलं. लाल लाल सारं निंगून गेलं. मंग साफ होतं ते डबीत भरलं. गाळणी फेकली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यायनंच सांगतलं होतं का, तिथं घाण धुऊन टाकतेत म्हनून. म्हटलं, त्या परक्या पोरीले कायले धुवाले लावाचं? कोनाच्या घरी भांडं परत देतो त धुऊनच देतो ना आपन."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. हसू आवरत होत्या की काय, मला सांगता येत नाही. मग त्यांनी तिला नीट समजावलं, की जे लाल आणि चिकट वाहून गेलं त्यातच ते प्रथिन जास्त होतं. लॅबवाले धुतात ते प्रथिन पकडून ठेवल्यावर. मंदाचा चेहरा पांढरा पडत गेला. "पण एवढ्यानेच आजार उलटला असं समजू नका," मॅडम म्हणाल्या. "रक्ताचं मी आणखी खोदून विचारायला हवं होतं." त्यांनी असं म्हणणं हा मोठेपणा होता, पण आम्ही दोघं तेव्हा तो घेण्याच्या अवस्थेत नव्हतो.

आता इंजेक्शनं सुरू होणार होती. इंजेक्शनांनीही आकडा उतरला नाही तर ऑपरेशन, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

त्या गेल्यावर मी मंदाला नको ते बोललो. "तुह्या सोवळेपनापायी माह्यं आतडं जाईन," असं. ती डबा ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही मी तिच्याशी बोललो नाही. ती येत होती, चादर बदलत होती, भांडं रिकामं करून धुऊन आणत होती, आणि मी पंख्याकडे बघत होतो.

आबांना हे सहन झालं नाही. "काहून बे, बायकोशी बोलत काहून नाई?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग सदरा वर केला. त्यांच्या पोटावर पिशवी होती. मी पहिल्यांदा बघत होतो. फिकट रंगाची, चपटी, कपड्याखाली कुणाला कळूही नये अशी.

"हे पाय. चार वरसं झाले. याच्यासंगं पेरन्या केल्या म्या. या वख्ती सलाईनसाठी आलो, हे काई दुखत नाई," ते म्हणाले. "पन माही बुढी अजून याच्याकडं पाहत नाई. घिन येते तिले. मीच धुतो, मीच बदलतो. अन तुही बायको तुह्यं हातानं धुवाले बसली, अन तू रुसून बसला. कर्म माह्यं."

मी उठलो, सलाईनचा स्टँड ढकलत बाहेर गेलो. मंदा पायरीवरच होती. "चुकलं माह्यं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मले रोज दिसे. तुमी उठून गेल्यावर पानी मीच टाको. तुमी म्हना कमी हाये, कमी हाये. मी काई म्हणत नोती." मग म्हणाली, "मले त्या पिशवीचं लय भेव वाटे. वाटलं, कागदावर तरी साफ येऊ द्या एकदा."

तेव्हा मी रडलो. दोघांनी रडणं बरं दिसेना, तरी दोघंही रडलो. शेवटी वॉचमनने विचारलं, "कोणी गेलं का?"

चमचा

इंजेक्शनं सुरू झाली. दर काही आठवड्यांनी अकोला, हाताला नळी, दुपारभर झोप. डेपोने मला स्टँडवरच्या केबिनमध्ये बसवलं. तिथून गाड्या पुकारायच्या. माझी गाडी दुसऱ्याच्या घंटीवर सुटताना बघणं फार जड जायचं. तुमचंही असं झालं असेल तर सांगतो, कामावर परत जाण्याची घाई करू नका. आणि घरात जो कुणी तुमचं पाणी टाकतो, त्याच्याशी खोटं बोलू नका. त्याला सगळं दिसत असतं.

मग चौथ्या डबीचा दिवस आला. यावर ऑपरेशन ठरणार होतं. मी एकटाच, दार लावून, चमचा हातात घेऊन बसलो होतो. लॅबमधल्या मुलीने बजावलं होतं, दोन-तीन ठिकाणचं घ्या, एकाच जागेचं नको. समोर बराचसा भाग स्वच्छ होता, अगदी निरोगी माणसाचा असतो तसा. एका कडेला थोडं लाल होतं. चमचा आपोआप स्वच्छ बाजूला गेला. मी तो तिथे धरून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. एवढंच घेतलं तर कुणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मंदाचा हात गाळणीकडे कसा गेला असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

मग मी लाल बाजूचंही घेतलं. झाकण लावलं आणि हात धुतले.

डबी युसूफभाईंनीच नेली. ताटली भरायला त्या खेपेला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोललो नाही, घरात मंदा भांडीसुद्धा आवाज न करता घासत होती. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. तिला म्हणालो, तू नको येऊ. ती म्हणाली, "बरं."

मॅडमनी कागद बघितला. आकडा चारशेच्या वर होता. मग त्या म्हणाल्या, "मशीनच्या पलीकडून इथपर्यंत उतरलाय. इंजेक्शन काम करतंय. ऑपरेशन आत्ता नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तेव्हा काय होईल ते आज मला सांगता येणार नाही."

बाहेर येऊन मी मंदाला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"किती?"

मी आकडा सांगितला. ऑपरेशनचं सांगितलं.

"म्हणजे अजून हाये," ती म्हणाली.

"हो. हाये."

"डबीत लाल होतं?"

"होतं. थोडं."

"तसंच देलं?"

"तसंच देलं."

"मंग खरा हाये आकडा," ती म्हणाली. "या घरी. मी जेवाले थांबली."